गोटीच्या बाटलीवरचं नाव कुणाचं?

पीएच.डी.च्या तयारीत असलेल्या मुलामुलींचा एक प्रश्न मला वारंवार येतो. "विषय सुचलाय, पण त्यावर साधनंच मिळत नाहीत. सोडून देऊ का?" विषय काय ते विचारलं की बहुतेक वेळा एखादा छोटा धंदा निघतो. तालुक्याच्या गावातली छापखान्याची परंपरा, एखाद्या पेठेतले अत्तरवाले, स्टेशनाबाहेरचे सोडावाले. हे लोक होते, त्यांनी दोन-तीन पिढ्या धंदा केला, गावातल्या म्हाताऱ्यांना ते आठवतात. पण दफ्तरात शोधायला गेलं की कुठेच सापडत नाहीत.

आज या प्रश्नाकडे एका वस्तूच्या मदतीने बघू. वस्तू आहे जुनी सोडावॉटरची बाटली. पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोरबाजारात आणि कुठल्याही मोठ्या गावातल्या भंगारवाल्याकडे ती अजून मिळते. ती जमवणारे हौशी लोकही आहेत. काचेतच उठवलेलं नाव वाचायचं आणि ते नाव कुणाचं याचा माग काढायचा, हा त्यांचा छंद. इतिहासाच्या विद्यार्थ्याने या छंदाकडे नाक मुरडून बघू नये, कारण काही धंदेवाल्यांचा तेवढाच पुरावा शिल्लक आहे. पण तो पुरावा वाचायची एक रीत आहे. ती न पाळता वाचला तर तो सरळ चुकीच्या उत्तराकडे नेतो.

आधी वस्तू समजून घ्या

वायू भरलेलं पाणी बाटलीत टिकवणं ही एकोणिसाव्या शतकातली मोठी अडचण होती. नुसतं बूच लावलं तर ते सुकून आकसतं आणि वायू निघून जातो. म्हणून सुरुवातीच्या बाटल्या बुडाशी गोल असत. त्या उभ्या राहूच शकत नसत, आडव्याच ठेवाव्या लागत, त्यामुळे बूच ओलं राही. मग १८७०च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या हायरम कॉड याने वेगळी युक्ती काढून तिचं पेटंट घेतलं. बाटलीच्या गळ्यात काचेची गोटी आणि तोंडाशी आतल्या बाजूला खाच पाडून बसवलेलं रबरी कडं. बाटली उलटी धरून भरायची. सुलटी केली की आतल्या वायूच्या दाबाने गोटी वर जाऊन कड्याला घट्ट बसते. प्यायच्या वेळी गोटी अंगठ्याने किंवा लाकडी ठोकणीने आत ढकलायची. गळा मध्ये चिमटलेला असल्यामुळे ती पोटात पडत नाही. आपला गोटी सोडा तो हाच.

या रचनेचा इतिहासाच्या दृष्टीने एक परिणाम लक्षात घ्या. अशी बाटली बनवायला महाग पडते. एकदा वापरून फेकण्यासारखी ती नाही. ती दुकानातून गिऱ्हाइकाकडे आणि तिथून परत कारखान्यात, अशी वर्षानुवर्षं फिरणार हे गृहीतच होतं. सोडावाला पाणी विकत होता, बाटली नव्हे. म्हणून त्या काळच्या बाटल्यांवर ही बाटली अमक्याची मालमत्ता आहे अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर सर्रास दिसतो. कागदी लेबल धुतल्यावर निघून जातं, काचेतली अक्षरं जात नाहीत. दुसऱ्या सोडावाल्याने आपल्या बाटल्या ढापू नयेत, यासाठी नाव काचेत ओतून घेतलेलं असे.

म्हणजे काचेतलं नाव बहुतेक वेळा मालकी सांगतं. ते वाचून "ही बाटली यांनी बनवली" असं लिहिणं म्हणजे घरावरची पाटी वाचून त्यालाच गवंडी समजण्यासारखं आहे.

"बनवली कुणी?" हा एक प्रश्न नाही

या प्रश्नाचे निदान तीन तुकडे करावे लागतात. काच कुणी ओतली? पाणी कुणी भरलं? आणि हा आकार कुणाच्या हक्काचा होता?

एकाच बाटलीवर या तिघांची नावं असू शकतात. दर्शनी बाजूला सोडावाल्याचं नाव आणि गाव. मागे किंवा खालच्या कडेला काचकारखान्याचं नाव. आणि कुठेतरी कॉडच्या पेटंटचा उल्लेख. भारतात आलेल्या बऱ्याच बाटल्या इंग्लंडमधल्या यॉर्कशर आणि लँकशरच्या कारखान्यांत बनल्या. बार्न्सलीजवळच्या होप ग्लास वर्क्सचा डॅन रायलंड्स हे त्यातलं एक मोठं नाव. पेटंट चालू होतं तोवर कॉडने इतर काचवाल्यांना परवाने देऊन हा आकार बनवू दिला.

आता पुण्याच्या किंवा सोलापूरच्या एखाद्या सोडावाल्याचा विचार करा. त्याला स्वतःच्या नावाच्या बाटल्या हव्यात. त्यासाठी नावाचा साचा हजारो मैलांवर कोरला जाणार. म्हणजे मागणी नोंदवणारा कुणीतरी अडत्या मध्ये आहे, माल आगबोटीने मुंबईला येणार, मग रेल्वेने किंवा बैलगाडीने पुढे जाणार. नावाचं स्पेलिंग विचित्र असेल तर ते का, हा प्रश्न इथे मजेशीर होतो. मोडी किंवा गुजराती लिहिणाऱ्या माणसाचं नाव इंग्रजी कारकुनाने उतरवलं आणि बार्न्सलीच्या कारागिराने ते आरशातल्यासारखं उलटं कोरलं. त्यामुळे डिरेक्टरीत नाव शोधताना एकच स्पेलिंग धरून बसू नका. पाच-सहा शक्यता आधीच कागदावर लिहून घ्या.

काळ ठरवताना परक्या तक्त्यांवर भिस्त नको

बाटल्यांचा काळ ठरवायचे तयार तक्ते इंटरनेटवर भरपूर आहेत. बहुतेक अमेरिकेतले. त्यातला सर्वांत प्रसिद्ध नियम साच्याच्या सांध्याचा. हाताने फुंकलेल्या बाटलीवरची सांध्याची रेघ ओठाच्या खाली थांबते, कारण ओठ नंतर वेगळ्या हत्याराने घडवतात. यंत्रावर बनलेल्या बाटलीची रेघ ओठापर्यंत जाते. मायकेल ओवेन्सचं स्वयंचलित यंत्र १९०३ सालचं. म्हणून रेघ खाली थांबली तर बाटली जुनी.

गोटीच्या बाटलीला हा नियम तसाच्या तसा लावता येत नाही. गोटी आत टाकल्याशिवाय तोंड पुरं करता येत नाही आणि कड्याची खाच पाडायला तोंडावर वेगळं काम करावंच लागतं. शिवाय भारतात हाताने काच घडवण्याचं काम अमेरिकेत यंत्रं आल्यानंतरही पुष्कळ वर्षं चालू राहिलं. १९०३ ही तिथली सीमारेषा आहे. इथल्या बाटलीवर ती लादली की १९४०ची वस्तू बिनदिक्कत १८९०ची होते. विक्रेत्याला तेच हवं असतं, तुम्हाला नकोय. गेल्या काही दशकांत उत्तर प्रदेशात हाथरसजवळच्या सासनीला बनलेल्या गोटीच्या बाटल्या देशभर गेल्या आहेत. त्यातलीही एखादी थोडी घासून "इंग्रजांच्या काळातली" म्हणून समोर येऊ शकते.

मग काय करायचं? एका तारखेऐवजी सीमा ठरवायच्या. कॉडच्या पेटंटचा उल्लेख असेल तर बाटली त्या पेटंटच्या आधीची नाही, इतकं नक्की. पेटंट संपल्यावरही जुना साचा वापरात राहू शकतो, म्हणून वरची सीमा त्यावरून मिळत नाही. ती काचकारखाना कधी बंद पडला किंवा त्याचं नाव कधी बदललं यावरून शोधावी लागते. आणि बाटली घडल्याचा काळ आणि वापराचा काळ हे दोन रकाने नेहमी वेगळे ठेवा. वीस-तीस वर्षं फिरलेली बाटली ज्या उकिरड्यात सापडली, तो उकिरडा बाटलीपेक्षा बराच तरुण असू शकतो.

दफ्तरात हे लोक का सापडत नाहीत

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. सोडावाले दफ्तरात का नाहीत? उत्तराचा एक भाग कायद्यात आहे. १८८१चा कारखाना कायदा शंभर किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यांना लागू होता. १८९१च्या दुरुस्तीने ही संख्या पन्नासवर आली. सोडावॉटरचं हाताने फिरवायचं मशीन, दोन-चार गडी आणि एक हातगाडी एवढ्यावर चालणारा धंदा सरकारच्या लेखी कारखाना नव्हताच. कारखाना निरीक्षक तिथे गेला नाही, म्हणून अहवाल नाही. अहवाल नाही, म्हणून पुढच्या इतिहासकाराला तो धंदा दिसला नाही. साधन नसणं हाही असा एक धागा असतो. नोंद कुणी करायची होती आणि का केली नाही, हे विचारलं की प्रबंधाचं निम्मं प्रकरण उभं राहतं.

बोधचिन्हांचंही तसंच. १८८९च्या मर्चंडाइज मार्क्स कायद्याने खोटी व्यापारी खूण वापरणं गुन्हा ठरवलं, पण खुणांची सरकारी नोंदवही मात्र १९४०च्या ट्रेड मार्क्स कायद्याने आली. तोपर्यंत व्यापारी काय करत? आपल्या खुणेवरचा हक्क सांगणारं प्रतिज्ञापत्र निबंधकाकडे नोंदवत आणि वर्तमानपत्रात जाहीर सूचना देत की आमच्या नावाची नक्कल करणाऱ्यावर कारवाई होईल. या सूचना म्हणजे आपल्यासाठी खजिना आहे. पण त्या बातम्यांत नसतात, जाहिरातींच्या पानांवर असतात, आणि आपण मायक्रोफिल्म चाळताना नेमकी तीच पानं सोडतो.

तेव्हा बाटलीवरचं नाव हाती आलं की शोध कुठे घ्यायचा, याचा मला उपयोगी वाटणारा क्रम सांगतो.

पहिल्यांदा डिरेक्टऱ्या. थॅकरची डिरेक्टरी आणि टाइम्स ऑफ इंडियाची कॅलेंडर-डिरेक्टरी यांत शहरवार आणि धंदेवार याद्या असतात. एकच वर्ष पाहून थांबू नका. नाव पहिल्यांदा कधी येतं, पत्ता कधी बदलतो, कधी गायब होतं, असा तक्ता करा. मात्र या याद्यांचा कल युरोपियन आणि मोठ्या दुकानांकडे आहे. फोर्ट आणि कॅम्प भाग भरून वाहतो, पेठा रिकाम्या दिसतात. यादीत नाही म्हणजे धंदा नव्हता, असं लिहू नका.

दुसरी वर्तमानपत्रं, आणि ती एका भाषेतली नव्हेत. मुंबईच्या सोडाधंद्यात पारशी आणि इराणी मंडळी मोठ्या संख्येने होती, त्यामुळे फक्त केसरी आणि ज्ञानप्रकाश वाचून भागत नाही. मुंबई समाचार पाहावा लागतो. गुजराती लिपी देवनागरी वाचणाऱ्याला पंधरा दिवसांत जमते. तेवढे दिवस काढा. मुंबईतल्या दंगलींच्या बातम्याही वाचा, कारण सोडावॉटरच्या बाटल्या फेकल्याचा उल्लेख त्यात वारंवार येतो. कुठल्या गल्लीत बाटल्या हाताशी होत्या, हे अशा बातमीतून अनायासे कळतं.

तिसरी नगरपालिकेची कागदपत्रं. सोडावॉटर म्हणजे शेवटी पाणी. मुंबईला विहार तलावाचं पाणी १८६० मध्ये आलं. पटकीच्या भीतीमुळे पाणी कुठून घेतलंय याची चौकशी आरोग्य खातं करत असे. परवाने, नळजोड, आरोग्य अधिकाऱ्यांचे वार्षिक अहवाल यांत नाव सापडण्याची शक्यता असते. छावणीचं गाव असेल तर लष्करी बाजूही बघा, कारण पलटणींची स्वतःची सोडावॉटर मशीनं असत.

चौथी माणसं. धंदा चालवणाऱ्या घरात जुनी वही, पावतीपुस्तक, भिंतीवरचा फोटो असतो. तिथे एक सावधगिरी. दुकानाच्या पाटीवर "स्थापना अमुक साली" लिहिलेलं असतं. ते त्या घराचं स्वतःबद्दलचं म्हणणं आहे. नोंद जरूर करा, पण डिरेक्टरी किंवा जाहिरातीने आधार मिळेपर्यंत "कुटुंबाच्या सांगण्यानुसार" हे शब्द पुढे ठेवा.

गृहीतक आणि पुरावा

एक उदाहरण घेऊ, म्हणजे फरक कळेल. १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींनी चहा घेतला. त्यात रानडे आणि टिळकही होते. त्यावरून ग्रामण्य उठलं, प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. ज्या समाजात एक कप चहा एवढा पेटतो, तिथे बाटलीतलं पाणी कुणी भरलंय हा प्रश्न साधा नसणार. मग बाटलीवरचं नाव गिऱ्हाईक आपल्याला चालणारा माणूस आहे का, हे बघण्यासाठी वाचत असेल का?

प्रश्न आकर्षक आहे आणि सिनॉप्सिसमध्ये छान दिसेल. पण आत्ता तो गृहीतकच आहे. पुरावा व्हायला जाहिरातीत, आत्मचरित्रात किंवा एखाद्या वादाच्या कागदात कुणीतरी तसं म्हटलेलं सापडायला हवं. बाटली स्वतः एवढं सांगत नाही. ती मालकी सांगते, गाव सांगते, काच कुठली ते सांगते. त्यापुढचं आपण तिच्या तोंडात घालत असतो.

काच आपली कधी झाली

बाटलीच्या बुडाशी बार्न्सली वाचून आणखी एक प्रश्न पडायला हवा. इथे काच बनत नव्हती का? बनत होती. गुजरातेत कपडवंजला, उत्तरेत फिरोजाबादला. पण ती प्रामुख्याने बांगड्या, मणी, छोटी भांडी अशी. दाब सोसणारी, एकसारख्या मापाची बाटली हा वेगळा प्रकार होता.

इथे महाराष्ट्राचा दुवा येतो. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करून देशी उद्योग उभा करायची कल्पना मांडली. टिळकांचा पाठिंबा मिळाला आणि त्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगावला काचकारखाना सुरू झाला. अमेरिका आणि जपानमध्ये शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय सुरुवातीला तिथले प्रमुख होते. या कारखान्याचं मोल तिथे तयार झालेल्या माणसांतही मोजावं लागतं. काचकाम शिकलेले लोक तिथून बाहेर पडले आणि त्यांनी दुसरीकडे भट्ट्या लावल्या. औंध संस्थानात कराडजवळ १९१६ मध्ये ओगल्यांचा कारखाना उभा राहिला. त्यांचा प्रभाकर कंदील पुढे घरोघर गेला. पहिल्या महायुद्धात परदेशी काच येणं आटलं तेव्हा देशी कारखान्यांना मागणी वाढली, आणि युद्धानंतर आयात माल परत आल्यावर ते पुन्हा अडचणीत आले. टॅरिफ बोर्डाने काचधंद्याची चौकशी केली, त्याचा अहवाल १९३२चा आहे. पुढे सरकारने संरक्षण नाकारताना सोडा अ‍ॅश हा कच्चा माल देशात मिळत नाही, हे कारण दिलं.

हे सगळं सोडावाल्याच्या बाटलीवर उमटायला हवं. एकाच दुकानाच्या, एकाच नावाच्या, वेगवेगळ्या काळातल्या चार-पाच बाटल्या शेजारी ठेवल्या तर काच कुठे इंग्लंडची आहे आणि कुठे देशी झाली, हे बघता येईल. स्वदेशीच्या चळवळीचा इतिहास आपण सभा, होळ्या आणि अग्रलेखांतून लिहिला आहे. एखाद्या तालुक्याच्या सोडावाल्याने बाटल्यांची मागणी कधी बदलली, यातून तो धंद्याच्या बाजूने लिहिता येईल. असं काम करायला जागा आहे, म्हणून मुद्दाम सांगतोय.

घाई का करायला हवी

पण एक धोका आहे. बाजारात किंमत नावाच्या बाटलीला येते, बिनानावाची वितळवायला जाते. नावाचीही उचलून आणताना ती कुठे सापडली हे कुणी लिहून ठेवत नाही. मिरजेत विहीर उपसताना निघालेली बाटली पुण्यात विकली जाते, तिथून मुंबईच्या कॅफेत शोभेला जाते. नाव राहतं, पण ही बाटली मिरजेपर्यंत पोचत होती ही माहिती कायमची जाते. आणि छोट्या सोडावाल्याचा बाजार किती दूरवर होता, हे सांगणारी तेवढीच एक गोष्ट होती.

म्हणून बाटली विकत घ्यायलाच हवी असं नाही, पण नोंद मात्र घ्या. शेजारी मोजपट्टी ठेवून चारही बाजूंचे आणि बुडाचे फोटो. अक्षरं अस्पष्ट असतील तर पातळ कागद ठेवून पेन्सिलीने ठसा. उंची, वजन, काचेचा रंग, गोटी आहे की नाही. विक्रेत्याने ती कुठून आणली ते त्याच्याच शब्दांत, तारखेसह. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२च्या पुरावस्तू कायद्याच्या व्याख्येत बसू शकते आणि ती परस्पर देशाबाहेर पाठवता येत नाही, हे जमवणाऱ्यांनाही सांगा. जमवणाऱ्यांशी भांडू नका. बहुतेकांना आपल्या बाटलीवरचं नाव कुणाचं हे मनापासून जाणून घ्यायचं असतं, आणि त्यांच्या कपाटात जेवढं आहे तेवढं कुठल्याही संग्रहालयात नाही. त्यांना फक्त एक रकाना वाढवायला सांगा: कुठे मिळाली.

"साधनंच नाहीत" असं म्हणून विषय सोडण्याआधी गावातल्या भंगारवाल्याकडे एक चक्कर मारा. दहा बाटल्यांची अशी नोंद झाली की डिरेक्टरीत शोधायला दहा नावं हाती येतात. त्यातली आठ कुठेच सापडणार नाहीत. ती आठ नावं, गाव आणि सापडल्याची जागा लिहून ठेवा. त्या माणसांबद्दल कागदावर आलेलं ते कदाचित पहिलंच वाक्य असेल.